पानाने दिलेला दाखला : प्रस्तावना

आमच्या नागपुरात बांधकाम खात्याच्या कचेऱ्यांतून पूर्वी जे निळे नकाशे निघत, गर्द निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषांनी आखलेले आणि कोपऱ्यात साहेबाची सही मिरविणारे, ते ज्यांनी हाताळले आहेत त्यांतील फारच थोड्यांना हे ठाऊक असेल की, पूल, कालवे आणि सरकारी इमारती यांचे आराखडे उतरवून घेण्याच्या कामी रुजू होण्यापूर्वी कितीतरी वर्षे हीच निळी छाप समुद्रातील शैवालांची चित्रे घेण्यासाठी राबत होती. मला स्वतःला या गोष्टीचा पत्ता लागला तो उतारवयात. पण तिची चुणूक मात्र बालपणीच मिळाली होती. घरातील एक वडीलधारे गृहस्थ त्या मसाल्याच्या कागदाचा एक उरलेला तुकडा काळ्या कागदात गुंडाळून घेऊन आले आणि पिंपळाचे कुजून जाळी झालेले एक पान त्यावर ठेवून, वर काच दाबून, त्यांनी तो वैशाखाच्या उन्हात अंगणात मांडला. थोड्या वेळाने कागद विहिरीच्या पाण्यात बुडविताच वरचा मसाला वाहून गेला आणि निळ्या भूमीवर त्या पानाची शीर न् शीर पांढरी होऊन उभी राहिली. हे चित्र कोणी काढले, असे मी विचारले तेव्हा ‘पानानेच काढले’ असे उत्तर मिळाले. पुढे आयुष्यभर मुलांना वनस्पतिशास्त्र शिकविताना ते उत्तर माझ्या मनातून गेले नाही, आणि जुन्या वनस्पति-छायाचित्रांच्या या संग्रहास प्रस्तावना लिहावी अशी इच्छा संग्राहक मित्रांनी व्यक्त केली तेव्हा प्रथम तेच आठवले.

निळ्या छापेची ही युक्ती इंग्लंडातील ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधून काढली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण कागदास फासून तो अंधारात वाळवावयाचा. मग त्यावर जेथे ऊन पडेल तेथील लोहाचे रूप पालटून प्रशियन निळा हा पाण्यात न विरघळणारा रंग तयार होतो, आणि जेथे वस्तूची सावली पडेल तेथील मसाला धुऊन जाऊन कागद मूळच्यासारखा पांढरा राहतो. कॅमेरा नको, भिंग नको, चांदीसारखा महागडा धातू नको. हर्शेल यांच्याशी ज्यांच्या घराण्याचा स्नेह होता त्या ॲना ॲटकिन्स या विदुषीने अवघ्या वर्षभरात या युक्तीचे चीज केले. त्यांचे वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन हे ब्रिटिश म्युझियममधील अधिकारी. लामार्क यांच्या शिंपल्यांवरील ग्रंथाचे त्यांनी जे भाषांतर केले त्यासाठी ॲना यांनी अडीचशेवर चित्रे स्वहस्ते काढली होती. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जिला काढता येत नाही ती यंत्राचा आश्रय करते असे इथे झाले नाही; जिचा हात चित्रकलेत मुरलेला होता तीच बाई, शैवालाचे केसाहून बारीक तंतू कुंचल्याने उतरविणे दुरापास्त आहे हे स्वानुभवाने जाणून, कुंचला बाजूस ठेवून सूर्यप्रकाशाकडे वळली. १८४३ च्या ऑक्टोबरात त्यांच्या ब्रिटिश शैवालांच्या ग्रंथाचा पहिला भाग बाहेर पडला आणि १८५३ पर्यंत दहा वर्षे हे काम चालले. प्रत्येक प्रतीतील प्रत्येक पृष्ठासाठी नमुना नव्याने मांडून उन्हात धरावा लागे, म्हणून कोणत्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहीत. मजकूरही त्यांच्याच हस्ताक्षरात, त्याच निळ्या छापेत. छायाचित्रांनी युक्त असा जगातील हा पहिला ग्रंथ मानला जातो. त्यावर ग्रंथकर्त्रीने ‘ए. ए.’ एवढीच अक्षरे घातली होती. पुढे एका संग्राहकाच्या हाती एक प्रत आली तेव्हा त्याने ती अक्षरे कोणा ‘अनामिक हौशी’ व्यक्तीची समजली, कारण इंग्रजीत त्या दोन शब्दांची आद्याक्षरेही तीच पडतात. हौस हा शब्द एवढ्यापुरता तरी खरा होता. दहा वर्षे टिकणाऱ्या हौसेला आपल्याकडे निष्ठा म्हणतात.

आता प्रश्न असा की अशी छाप ही अस्सल म्हणावी की नक्कल? आपल्या जुन्या दप्तरांतून या दोन शब्दांचा भेद फार काटेकोरपणे पाळला जाई; अस्सल सनद एकच असे आणि तिच्या नकला कारकुनाच्या हातच्या असत. चित्रकाराने काढलेले गुलाबाचे फूल ही नक्कल आहे, कितीही सुंदर असली तरी. ॲटकिन्सबाईंच्या पानावरील शैवाल मात्र त्या कागदाला प्रत्यक्ष टेकलेले होते. त्याच्या देहाएवढाच त्याचा आकार, त्याच्या मुडपलेल्या टोकाएवढाच चित्रातला मोड. ही वनस्पती नव्हे हे खरे, पण तिच्यावाचून हे चित्र जन्मासच आले नसते. म्हणून अस्सल आणि नक्कल यांच्या दरम्यान जो तिसरा शब्द आपल्या कचेऱ्यांनी वापरला तोच मला येथे योग्य वाटतो, आणि तो म्हणजे दाखला. अमुक वनस्पती, अमुक दिवशी, अमुक उन्हात येथे होती, एवढे ती छाप शपथेवर सांगते. त्याहून अधिक सांगत नाही.

आणि अधिक सांगत नाही म्हणूनच शास्त्रज्ञांनी तिला सहजासहजी दारात घेतले नाही. कागदावर प्रकाशाने चित्र उमटविण्याची स्वतःची रीत १८३९ साली जाहीर करणारे विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट हे स्वतः वनस्पतींचे अभ्यासक होते, आणि या नव्या रीतीने वनस्पतिग्रंथ सजविता येतील अशी त्यांना फार उमेद होती. त्याच वर्षी त्यांनी एका नाजूक घंटापुष्पी वनस्पतीची छाप विल्यम हूकर यांच्याकडे पाठविली. पुढे क्यू उद्यानाचे संचालक झालेल्या हूकर यांनी छापेच्या सौंदर्याची वाखाणणी केली, पण सौजन्याने एवढेही कळविले की फुलाचा फुगवटा, त्याचा निदलपुंज आणि पानांच्या शिरा तीत स्पष्ट होत नाहीत. हूकर यांचे हे म्हणणे कोणी जुन्या मताच्या माणसाचा हट्ट समजू नये. वनस्पतिशास्त्राला एक फूल नको असते, जाती हवी असते. कुशल चित्रकार दहा नमुने पाहून त्यांतील किडीने खाल्लेले पान वगळतो, मागे दडलेला पुंकेसर पुढे आणतो, अंडाशय उभा चिरून शेजारी मांडतो, आणि कोणत्याही रानात एकत्र न सापडणाऱ्या कळी, फूल, फळ व बी या चारी अवस्था एका पृष्ठावर नांदवितो. आपल्याच मुलखातील उदाहरण हवे असेल तर पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी वनस्पति-उद्यानात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात करवून घेतलेली चित्रे पाहावीत. ज्याचे नाव दप्तरात राहिले नाही अशा, पोर्तुगीज वंशाच्या एका हिंदी चित्रकाराच्या हातची ती चित्रे आज एडिंबरा येथील उद्यानाच्या संग्रहात आहेत. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या, लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांच्या हिंदी औषधी वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथातही चित्रपत्रे आहेत ती रेखाचित्रांचीच, आणि छायाचित्र घरोघर पोचल्यानंतरच्या काळातही त्या ग्रंथाने रेषेचाच भरवसा धरला.

आणखी एक अडचण होती, तिचा विचार मला विदर्भातील माणूस या नात्याने विशेष करावासा वाटतो. प्रारंभीच्या छायाचित्रणाचा मसाला निळा व जांभळा प्रकाश तेवढा ओळखी. तांबडा, नारिंगी आणि पुष्कळसा हिरवा त्याच्या लेखी अंधारच होता. फाल्गुनात आमच्या रानांतून जो पळस पेटतो, ज्याच्या केशरी रंगासाठी लोक मैलोगणती वाट वाकडी करतात, तो मसाला फासलेल्या काचेवरून छापलेल्या चित्रात काळाठिक्कर उमटावा आणि कुंपणावरची निळी गोकर्ण मात्र जवळजवळ पांढरी दिसावी, अशी ही उलटी सृष्टी होती. पांगारा, काटेसावर, गुलमोहर यांचीही तीच गत. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मसाल्यात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून हिरव्यापिवळ्या प्रकाशाची ओळख त्यास करून दिली, आणि तांबड्यापर्यंत सारे रंग जाणणाऱ्या काचा बाजारात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. त्यापूर्वीची ओली काच तर वाळण्याच्या आत वापरून धुवावी लागे. आमच्याकडील चैत्र-वैशाखाच्या झळांत ती किती वेळ ओली राहत असेल याची कल्पना येथील माणसाला निराळी द्यावी लागत नाही. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था निघाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग उघडला, आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखा मराठी मनुष्य त्या पहिल्या पिढीत नावारूपास आला. त्यांचे ज्येष्ठ बंधू डॉ. भाऊ दाजी हे वनौषधींचे मोठे शोधक. म्हणजे वनस्पतीचे शास्त्र आणि प्रकाशाची कला एकाच घरात शेजारी बसत होती. तरी त्या काळी या देशातील कॅमेरे मुख्यतः वळले ते लेणी, देवळे, इमारती आणि माणसे यांच्याकडे. ही सारी सांगितल्यावर स्थिर राहतात. वाऱ्यावरच्या फांदीला कोणी काय सांगावे?

नागपूरकराने या इतिहासाकडे परका म्हणून पाहू नये, असे मी म्हणतो त्याला एक कारण आमच्या पायाखालीच आहे. १८४५ साली येथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह या परिसरातील खडकांचा जो धांडोळा घेतला, त्यात सिलेवाडा-कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मांत पानांचे असंख्य ठसे त्यांना सापडले. त्यांतील ग्लॉसोप्टेरिसचे जिभेच्या आकाराचे पान, मधली ठसठशीत शीर आणि तिच्यापासून निघून परस्परांत गुंतलेले शिरांचे जाळे यांसह, अंगणातल्या पिंपळपानाइतके स्पष्ट आहे. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे पान चिखलावर पडले, दाबले गेले, नाहीसे झाले आणि आपला आकार मागे ठेवून गेले. आधी पानाने दडपावे आणि मग निघून जावे, हाच क्रम ॲटकिन्सबाईंच्या कागदाचा होता. सूर्याच्या जागी येथे गाळाचा भार होता एवढेच अंतर. हिस्लॉप यांचे हे नमुने इंग्लंडात गेले आणि १८६१ साली चार्ल्स बनबरी यांनी लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन केले. त्यासोबत गेली ती हाताने काढलेली चित्रे. हिस्लॉप यांना १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळच्या एका पुराच्या पाण्याने नेले, आणि त्यांचे नाव आज येथील महाविद्यालयाला आहे.

या गोष्टीचा उत्तरार्ध विसाव्या शतकात, नागपूरच्या सायन्स कॉलेजात घडला. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेल्या गारगोटीसारख्या दगडांत, विशेषतः छिंदवाड्याकडील मोहगाव कलान येथे, फुले, फळे, बिया आणि खोडे इतकी जशीच्या तशी दगड झालेली आहेत की त्यांतील पेशी मोजता याव्यात. बिरबल सहानी यांनी या ठेव्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले आणि त्याच कॉलेजातील व्ही. बी. शुक्ल यांनी १९४४ साली, म्हणजे बनबरींनंतर त्र्याऐंशी वर्षांनी, साह्नियान्थस या नावाने त्यांतील एका फुलाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. असा दगड आरीने कापून, काचेवर घासत घासत तो कागदाहून पातळ करावा, त्यातून प्रकाश आरपार जाऊ लागला की सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, आणि मग त्याचे छायाचित्र घ्यावे, अशी ही रीत. येथे मात्र रेषेचा अधिकार संपतो. लाखो शतकांपूर्वीच्या फुलात अंडाशयाला कप्पे किती, परागकण कसे, यावर विद्वानांत वाद होणार, आणि वाद झाला म्हणजे चित्रकाराने जे ‘समजून’ काढले ते पुरावा म्हणून चालत नाही. डाग, भेग आणि बुडबुडा यांसकट जे दिसले तेच पुढे ठेवावे लागते. हूकर यांना १८३९ मध्ये जो दोष वाटला, की छायाचित्र निवड करीत नाही, तोच शंभर वर्षांनी त्याचा गुण ठरला. माझ्या विद्यार्थिदशेत असा पातळ केलेला काप प्रथम पाहिला तेव्हा काचेवर मळकट तपकिरी डागापलीकडे काही दिसेना. भिंग जुळले आणि पाकळीच्या पेशींची ओळ समोर आली, त्या क्षणी बोलणे सुचले नाही.

परंतु या संग्रहात ज्या एका कृतीची जागा रिकामी आहे तिच्याबद्दल दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो आणि ‘राजा हरिश्चंद्र’ पाशी थांबतो. त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ मध्ये, लंडनहून आणलेला कॅमेरा त्यांनी ज्याच्यापुढे उभा केला त्यात राजा नव्हता की नट नव्हता. कुंडीत पेरलेला वाटाणा होता. महिनाभर ठराविक अंतराने एकेक चौकट घेत, दाणा फुटून कोंब वर येणे, पाने उलगडणे आणि वेलीने आधारास विळखा घालणे, हे सारे त्यांनी जेमतेम मिनिटभराच्या पट्टीत साठविले आणि तिला ‘अंकुराची वाढ’ असे नाव दिले. हेतू व्यवहारी होता: चित्रपटाला भांडवल देणाऱ्यांना या यंत्राची करामत पटवावयाची होती. यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे प्रभृतींनी ती पाहिली आणि कर्ज उभे राहिले. ज्या काळी कर्जाला दागिने, घर नाहीतर जमीन जामीन द्यावी लागे त्या काळी वाटाण्याच्या एका वेलीने जामीनकी केली.

हे काम किती अवघड आहे हे ज्याने करून पाहिले त्यासच कळेल. कॅमेरा महिनाभर रेसभर हलता कामा नये, कुंडी फिरता कामा नये, सकाळचा प्रकाश आणि संध्याकाळचा प्रकाश यांचा मेळ घातला पाहिजे, आणि वेल कोणत्या बाजूस झेपावेल याचा अंदाज आधीच घेऊन तेवढी जागा चौकटीत मोकळी सोडली पाहिजे. कच्च्या फितीला भोके पाडण्यापासून ती अंधारात धुण्यापर्यंतच्या त्या काळच्या खटाटोपात सरस्वतीबाई फाळके यांचा हात पतीच्या हातास लागलेला होता, आणि तो विसरून या कलेची हकिकत लिहिणे अप्रामाणिक होईल. फाळके यांनी हे साधले, कारण जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते चित्र आणि छायाचित्र दोन्ही शिकले होते, पुराणवस्तु खात्यात त्यांनी नकाशे व छायाचित्रे काढली होती, आणि लोणावळ्यास छापखाना चालविताना प्रकाशाने ठसे करण्याचा हुन्नर कमावला होता. अस्सलावरून नक्कल करण्याचे जेवढे मार्ग त्या काळी होते ते सारे त्यांच्या हाताखालून गेले होते.

विलायतेत या विषयाची वाट आधी घातली गेली होती. वेलींचे तणावे आधार कसा शोधतात हे पाहण्यासाठी डार्विन यांनी काचेवर ठराविक वेळाने ठिपके देऊन ते रेषांनी जोडले. लाइपझिग येथे विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या सुमारास हाच प्रयोग चलच्चित्राने केला. आणि १९१० साली पर्सी स्मिथ यांनी फुले उमलताना दाखवून लंडनच्या प्रेक्षकांना चकित केले. तरीही मला ‘अंकुराची वाढ’ निराळी वाटते. फेफर यांना मोजावयाचे होते आणि स्मिथ यांना रिझवावयाचे होते. फाळके यांना हे दाखवून द्यावयाचे होते की स्थिर दिसते ते स्थिर नसते, आणि ही गोष्ट पटविण्यासाठी त्यांनी हत्ती-घोडे न आणता स्वयंपाकघरातील एक दाणा निवडला. झाड हलत नाही म्हणून त्याचे चित्र सोपे, असे समजणाऱ्या साऱ्या मंडळींना त्या मिनिटाने उत्तर दिले. त्या पट्टीतील एखादी चौकट तरी या संग्रहात असती तर मी ही प्रस्तावना तिच्यावरच संपविली असती.

कलेच्या बाजूविषयी फार लिहीत नाही, कारण चित्रे स्वतःच बोलतात. एवढेच सांगतो की बर्लिनचे कार्ल ब्लॉसफेल्ट, ज्यांचा १९२८ चा ग्रंथ पुढे चित्रकारांनी डोक्यावर घेतला, ते शास्त्रज्ञ नव्हते. अलंकरण शिकविणारे शिक्षक होते, आणि नेच्याचे गुंडाळलेले पान किंवा भोपळ्याचा तणावा अनेक पटींनी मोठा करून ते विद्यार्थ्यांना लोखंडी जाळीचे आणि खांबाचे आकार दाखवीत. आम्हा मराठी माणसांना यात नवल वाटू नये. नागपूरच्या महाल भागातील भोसलेकालीन वाड्यांत शिरा. सुरूच्या झाडावरून ज्याला नाव मिळाले तो सुरूदार खांब, कमानीच्या टोकाला लोंबणारे केळफूल, तुळईवरचे कमळ, हे सारे आमच्या सुतारांनी झाडाकडे पाहूनच उचलले आहे. ब्लॉसफेल्ट यांचे भिंग त्या सुताराच्या डोळ्यात आधीपासून होते.

संग्रह चाळताना वाचकांनी एक करावे. निळ्या छापांची पृष्ठे उजेडाकडे धरून, मध्यभागापेक्षा कडांकडे पाहावे. जेथे पान कागदाला पुरते टेकले होते तेथे रेषा धारदार आहे, आणि जेथे ते किंचित उचललेले होते तेथे निळा रंग आत झिरपून कड धूसर झाली आहे. पान ताजे होते की सुकलेले, दाबणारी काच जड होती की हलकी, हे त्या धूसरतेवरून ओळखता येते. मित्रांनी यातील काही छापा येथेच, महाराजबागेच्या परिसरातील पानांवरून, जुन्या कृतीने नव्याने घेतल्या आहेत. त्यांच्या वहीत उन्हाचे प्रमाण टिपलेले आहे: पौषातील कागदाला वैशाखाहून कितीतरी अधिक वेळ लागला, आणि श्रावणात ढग आले की छाप अर्धवट राहून पुन्हा मांडावी लागली. बहावा, कडुनिंब, पळस आणि मोह यांची पाने त्यांत आहेत. पळसाची तिन्ही पाने एका कागदावर मावली नाहीत, म्हणून त्यांपैकी डावीकडचे पान दुसऱ्या पृष्ठावर आहे.

नागपूर
वैशाख शुद्ध तृतीया